कलम एकोणीसची रुजुवात

ताईचं काम एका वाक्यात सांगता येतं आणि तरी ते कोणाला कळत नाही. कायदा खात्याच्या मसुदा शाखेत नव्या कायद्याचा कच्चा कागद मंजूर झाला की त्याची स्वच्छ प्रत टाइप होऊन येते. मग एकजण मूळ कागद मोठ्यानं वाचतो आणि दुसरा त्या प्रतीवर बोट ठेवून बघतो की शब्द न् शब्द तोच आहे ना. याला म्हणायचं रुजुवात. ताई गेली एकोणतीस वर्षं बोट ठेवते आहे. ऑफिसात तिला सगळे ताईच म्हणतात, तिच्याहून वयानं मोठे असलेले सुद्धा, आणि तिनं एकदाही कोणाला सुधारलं नाही, कारण मूळ कागद नसेल तर ती काहीच सुधारत नाही.

वाचायचं काम भोंग्याचं. त्याचं खरं नाव पगारपत्रकात असेल कुठेतरी. तो विरामचिन्हंसुद्धा मोठ्यानं वाचतो, कामच तसं आहे. पण हे इतकं अंगात भिनलंय की बायकोचा फोन आला तरी म्हणतो, "निघालोय स्वल्पविराम अर्ध्या तासात पोचतो पूर्णविराम."

आणि या दोघांच्या वरती साहेब. मसुदा अधिकारी. पाठीमागे त्यांना कातरगोंद म्हणतात, कारण कॉम्प्युटर यायच्या आधी ते जुन्या कायद्यातली पानं कात्रीनं कापून, गोंदानं चिकटवून नवा कायदा बनवायचे. आता कात्री गेली, गोंद गेला, पद्धत मात्र जशीच्या तशी. त्यांचा लाडका साचा म्हणजे मेंढी व लोकर मंडळाचा कायदा. त्यात सगळं सोयीचं आहे. अध्यक्ष मंत्र्याची मर्जी असेल तोवर राहणार, मर्जी गेली की घरी. मंडळाला कसली चौकशी करायची असेल तर आधी मंत्र्याची लेखी परवानगी घ्यायची, हे कलम एकोणीस. वाचनालयांचं मंडळ असो, पाण्याचं असो, मुलांच्या हक्कांचा आयोग असो, सगळे याच मेंढीच्या पोटातून बाहेर आले. एकदा तर मुलांच्या आयोगाच्या कायद्यात "कातरणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी" असं राहून गेलं होतं. ताईनं ते साहेबांना दाखवलं. साहेबांनी कलम काढलं आणि ताईला मेमो दिला. रुजुवात करणाऱ्यांनी आशयावर मत देऊ नये. बरं. तेव्हापासून ताई मत देत नाही.

आता तिच्या घरातलं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ताई धाकट्या भावाकडे राहते. धाकटा पुलांचा इंजिनियर. पुलाचा खांब आणि वरचा रस्ता यांच्यामध्ये रबराच्या जाड गाद्या बसवतात, वरून गाड्या गेल्या की हादरा त्या खातात. एका मोठ्या पुलाच्या बावीस गाद्या बदलल्या असं कागदावर आलं. धाकटा पुलाखाली शिडी लावून चढला आणि बघतो तर नव्या गाद्या सहा. बाकी सोळा ठिकाणी जुन्याच, तडकलेल्या, बोट लावलं की भुगा. त्यानं फोटो काढले आणि गुणी मुलासारखे नेऊन मुख्य अभियंत्याला दिले. बदलल्या म्हणून सही कोणाची होती? मुख्य अभियंत्याचीच. आठवड्याच्या आत धाकटा निलंबित. आरोप काय, तर वरिष्ठांच्या परवानगीशिवाय पुलाखाली जाणे!

मग तो गेला भ्रष्टाचार प्रतिबंधक कक्षाकडे. तो कक्ष मुख्य अभियंत्याच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, स्टेशनरीच्या खोलीला लागून. तिथला अधिकारी खरंच भला माणूस. त्यानं फोटो बघितले, दोनदा "अरेरे" म्हटलं आणि नियम दाखवला. चौकशी सुरू करायला विभागप्रमुखाची पूर्वपरवानगी लागते. विभागप्रमुख म्हणजे मुख्य अभियंता. पत्र गेलं, उत्तर आलं, एका ओळीचं. "परवानगी देण्याजोगे काही आढळले नाही."

"म्हणजे चोराला विचारायचं, तुला पकडू का?" वहिनी म्हणाली. वहिनी दातांच्या दवाखान्यात काम करते, तिला तोंड उघडायला लावायची सवय आहे. "आणि तो म्हणाला नको, की आपण म्हणायचं, बरं राहू दे."

तीन वर्षं झाली याला. धाकटा घरी. रोज जेवताना तो त्या सोळा गाद्या पुन्हा सांगतो, तिसऱ्या खांबापासून नवव्या खांबापर्यंत. ताई आणि वहिनी ऐकतात. त्या पुलावरून रोज बस जातात, शाळेच्यासुद्धा, आणि या घरातलं कोणी त्या पुलावरून जात नाही, लांबचा रस्ता घेतात. बाकीच्या शहराला कोण सांगणार?

तर अशात सरकारनं जाहीर केलं, स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोग आणणार!

समितीच्या सहा बैठका झाल्या. बैठकांचे वृत्तांतसुद्धा रुजुवातीला येतात, त्यामुळे ताईला सगळं माहीत. पहिली बैठक "स्वतंत्र म्हणजे काय" यावर. एक सदस्य म्हणाले, स्वतंत्र म्हणजे स्वतंत्र इमारत. दुसरे म्हणाले, इमारत नको, स्वतंत्र लिफ्ट पुरे. तिसरे फार गंभीर गृहस्थ, त्यांनी विचारलं, आयोग इतका स्वतंत्र झाला तर तो आपल्या ताब्यात कसा राहील? यावर बराच वेळ शांतता पसरली, असं वृत्तांतात आहे. शेवटी ठरलं, आयोग स्वतंत्र, पण आटोक्यात.

चौथ्या बैठकीत विरोधी पक्षानं मुद्दा काढला की आयोग थेट संविधानात घाला. साधा कायदा केला तर उद्या कोणीही साध्या बहुमतानं मोडून टाकेल, संविधानात असला तर हात लावायला दोन तृतीयांश लागतील. मुद्दा एकदम बरोबर. सत्ताधारी म्हणाले, साधा कायदा पुरेसा आहे, आमच्यावर विश्वास नाही का? ताईचं बोट तिथे थबकलं. सात वर्षांपूर्वी हेच दोन पक्ष उलट्या खुर्च्यांवर बसले होते, तेव्हा तिनं हीच दोन भाषणं ताडून पाहिली होती. फक्त तोंडं बदललेली. संविधानवाले साधे झाले होते आणि साधे संविधानवाले.

अध्यक्षाला नेमणार कोण, काढणार कोण, आणि आयोगाला चौकशीसाठी कोणाला विचारावं लागणार, या तीन प्रश्नांना सहा बैठकांत मिळून चाळीस मिनिटं मिळाली. आयोगाच्या बोधचिन्हाला अडीच तास. तराजू घ्यायचा की मशाल, यावर दोघांनी सभात्याग केला.

मसुदा करायची पाळी आली तेव्हा ताईनं साहेबांना एक चिठ्ठी लिहून दिली. माझ्या भावाची तक्रार प्रलंबित आहे, या कायद्याची रुजुवात कृपया दुसऱ्या कोणाकडे द्यावी. साहेबांनी त्यावर लाल पेननं लिहिलं, "रुजुवातीत कसला आलाय हितसंबंध? आपणच करावी." आणि चिठ्ठी परत.

शनिवारी दुपारी मंत्र्यांच्या कचेरीतून निरोप आला, सोमवारी सकाळी विधेयक हवं. साहेबांना चारच्या गाडीनं सासुरवाडीला जायचं होतं. मेंढीची फाइल पशुपालनाच्या टेबलावर, ते टेबल कुलूपबंद, चावीवाला रजेवर. साहेबांनी कपाट उघडलं आणि हाताला लागला तो कायदा ओढला. निवडणूक आयोगाचा. आयोग तो आयोग! नाव बदललं, बोधचिन्ह घातलं. मंत्र्यांच्या टिपणात लिहिलं होतं, "कलम १९ नेहमीप्रमाणे ठेवावे." साहेबांनी एकोणीसला हातच लावला नाही. ठेवलं. नेहमीप्रमाणे. सही केली, पावणेचारला गेटबाहेर.

भोंग्यानं वाचायला सुरुवात केली. शाखेत दोघंच, पंख्याचा आवाज आणि भोंग्याचा.

"कलम सात पूर्णविराम अध्यक्षाची नेमणूक पंतप्रधान स्वल्पविराम विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांची समिती एकमताने करील पूर्णविराम."

ताईनं चष्मा वर सरकवला.

"कलम नऊ पूर्णविराम गैरवर्तन सिद्ध होऊन सभागृहाने दोन तृतीयांश बहुमताने ठराव केल्याखेरीज अध्यक्षास पदावरून दूर करता येणार नाही पूर्णविराम."

हे मेंढीचं नाही. हे मेंढीचं अजिबात नाही!

"कलम एकोणीस पूर्णविराम आयोगास कोणतीही चौकशी सुरू करण्यासाठी कोणाच्याही पूर्वपरवानगीची आवश्यकता असणार नाही पूर्णविराम."

ताईचं बोट थांबलं. तीन वर्षं, एका ओळीचं ते उत्तर, आणि इथे ही एक ओळ.

"काय झालं ताई? चुकलंय?"

प्रतीत तेच होतं. मूळ कागदात तेच होतं. सही होती. चुकलेलं काहीच नव्हतं, म्हणजे तिच्या कामात बसेल असं काहीच नव्हतं. आणि आशयावर मत द्यायचं नाही, ते तर लेखी आहे.

"काही नाही रे, चष्म्याला डाग आहे. पुढे वाच."

तिनं प्रतीखाली लिहिलं, मुळाबरहुकूम. सही केली.

शुक्रवारी, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, विधेयक सभागृहात आलं. गोंधळ चालू होता, कोणीतरी बाकावर उभं होतं. अकरा मिनिटांत मंजूर. वाचलं कोणी? मंत्र्यांनी साहेबांवर सोडलं, साहेबांनी साच्यावर, विरोधकांनी सरकारवर, आणि सरकारला वाटलं विरोधक इतका आरडाओरडा करतायत म्हणजे त्यांनी तरी वाचलंच असेल. सही झाली, राजपत्रात छापून आलं. चौकाचौकात मंत्र्यांचे फलक लागले, "देशातला सर्वांत स्वतंत्र आयोग!" बिचाऱ्यांना माहीत नव्हतं की हे खरं आहे.

अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीशबाई नेमल्या. तिघांचं एकमत लगेच झालं, कारण बाई शहात्तरच्या होत्या आणि प्रत्येक समारंभात पहिल्या रांगेत बसून डुलक्या घेत. कोणाला त्रास नाही. पण बाई भाषणांना झोपत, कायद्याला नाही. खुर्चीवर बसल्या आणि पहिलं काम काय केलं, तर कायदा वाचला. पूर्ण. मग म्हणे त्यांनी चहा मागवला आणि पुन्हा एकदा वाचला.

बाई खुर्चीवर बसल्या त्याच आठवड्यात ताई राजपत्राची एक प्रत विकत घेऊन घरी गेली. छापून आलेलं गुपित नसतं, फक्त वाचायला कोणी नसतं.

धाकटा हलायला तयार नाही. "ताई, पुरे. चार अर्ज केले. पाचवा करून काय, आणखी एका माणसाला अरेरे म्हणायला लावू?"

"बस इथे."

"नको गं."

"बस म्हटलं ना!" ताई कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे तो बसलाच. तिनं बोट ठेवून वाचलं, अगदी भोंग्यासारखं, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. कलम सात, नऊ, एकोणीस.

धाकटा म्हणाला, "हे कुठल्या देशाचं आहे?"

"आपलं. मी ताडून पाहिलंय."

"ताई, हे चुकून राहिलंय."

"हो."

"तू... तू मुद्दाम..."

"मी काही घातलं नाही, काही काढलं नाही. जसं आलं तसं पुढे गेलं."

"अहो पण सांगितलं तरी नाहीत ना कोणाला?" वहिनीनं डोळे बारीक केले आणि मग हसायलाच लागली. "वन्सं, तुम्ही तर मुरलेल्या निघालात!"

धाकटा हसला नाही. "साधा कायदा आहे. कळलं की बदलतील. साधं बहुमत, अकरा मिनिटं."

"अधिवेशन सात आठवड्यांनी आहे," ताई म्हणाली. "अध्यादेश काढायचा तर कबूल करावं लागेल की आपण न वाचता केलं, आणि फलक तर अजून उतरलेले नाहीत. गुपचूप बदलायला त्यांना अधिवेशनच लागणार. तोपर्यंत एकोणीस उघडं आहे. आयोगानं साक्ष नोंदवली आणि जागेची पाहणी केली की ती नंतर कोणाला पुसता येत नाही. सात आठवडे. तू अर्ज लिहितोस की मी लिहू?"

त्यानं लिहिला. अर्ज क्रमांक एक.

तीन आठवड्यांनी मुख्य अभियंत्याला नोटीस गेली. तो आधी हसला म्हणे, आणि नेहमीसारखी एक ओळ लिहून पाठवली, परवानगी देण्याजोगे काही आढळले नाही. बाईंचं उत्तर उलट टपाली आलं, तेही एका ओळीचं. "आम्ही मागितलेली नाही." मग तो पळाला मंत्र्यांकडे. मंत्र्यांनी पहिल्यांदा कलम एकोणीस वाचलं. आणि मग साहेबांना बोलावणं आलं, ते परत आले तेव्हा त्यांचे कान लाल होते.

"ताई! इकडे या. तुम्हाला हे दिसलं नव्हतं?"

"दिसलं की साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"आशयावर मत द्यायचं नाही ना."

"अहो पण... आणि तो अर्जदार! तुमचा भाऊ! हा सरळसरळ हितसंबंध आहे! मी तुमच्यावर कारवाई करीन, कळलं?"

ताईनं खण उघडला आणि ती चिठ्ठी टेबलावर ठेवली. लाल पेन. साहेबांनी स्वतःचं अक्षर ओळखलं, माणूस स्वतःचं अक्षर इतक्या जवळून कधी बघत नाही. भोंगा मागून म्हणाला, "प्रश्नचिन्ह पण आहे साहेब, कसला आलाय हितसंबंधच्या पुढे."

"तू गप्प रे!"

कारवाई झाली नाही. कारवाईच्या कागदाला चिठ्ठी जोडावी लागली असती. पण दुरुस्ती विधेयक तयार झालं, यावेळी पशुपालनाच्या टेबलाचं कुलूप तोडून. सोमवारी अधिवेशन, सोमवारीच मांडायचं. भोंग्यानं वाचलं, ताईनं बोट ठेवलं. एकोणीसच्या जागी नवीन एकोणीस. मंत्र्याची लेखी परवानगी, नेहमीप्रमाणे. बरहुकूम होतं, तिनं सही केली.

सुनावणी त्याच्या आधीच्या बुधवारी. ताईनं रजा टाकली. आयोगाच्या व्हरांड्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. बातमी कशी पसरते कोण जाणे. हातात फायली घेतलेले पन्नास-साठ जण, सोमवारच्या आत आपलं दाखल व्हावं म्हणून. एक शाळामास्तर, एक नर्स, एक माणूस तर चक्क नळाचा गंजलेला तुकडा घेऊन आला होता. ताईला त्यांच्याकडे बघवेना. यातल्या पाच-सहा जणांचं होईल, बाकीच्यांच्या तोंडावर दार बंद, आणि त्या दाराचा कागद तिनंच ताडून पाहिलाय.

आत मुख्य अभियंत्याचा वकील उभा राहिला. त्याला फक्त मुदत हवी होती. तयारीसाठी, दहा दिवस.

धाकट्यानं वळून ताईकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. दहा दिवस म्हणजे संपलं.

बाईंचे डोळे मिटलेले होते. वकिलाला वाटलं झोपल्या, तो जरा मोठ्यानं बोलायला लागला.

"ओरडू नका," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "तयारी कसली करायची आहे तुम्हाला? पुलाखाली गाद्या आहेत की नाहीत?"

"बाईसाहेब, तो तांत्रिक विषय आहे. तज्ज्ञांचा अहवाल मागवावा लागेल, त्याला वेळ..."

"पूल कुठे आहे?"

"अं? नदीवर."

"ते कळलं हो. किती लांब आहे?"

"वीस मिनिटं," धाकटा मध्येच बोलला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

बाईंनी डोळे उघडले. "मग चला. नोंद करणाऱ्यांना घ्या, फोटोवाल्याला घ्या. आयोगाला जागेची पाहणी करायची आहे. त्यासाठी परवानगी लागते का कोणाची? वकीलसाहेब, एकोणीस वाचा. आज बुधवार आहे, आज जे लिहिलंय ते वाचा."

वकिलानं वाचलं. मनातल्या मनात.

तर दुपारी साडेबाराला सगळी वरात पुलाखाली. वरून बस गेली की खाली धूळ पडायची. बाई खुर्ची टाकून बसल्या, नोंद करणारी मुलगी दगडावर. वहिनीसुद्धा दवाखान्यातून अर्धी सुट्टी टाकून आली, डोळ्यांवर हात धरून वर बघत होती. शिडी लागली तिसऱ्या खांबाला.

"कोण चढणार?" बाईंनी विचारलं.

"मी," धाकटा म्हणाला, पाय उचललासुद्धा.

"तुम्ही बघितलंय. ज्यांनी न बघता सही केली ते चढतील."

मुख्य अभियंत्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्यानं बूट चांगले घातले होते. "मी? वर?"

"वर जाऊन मोजा आणि मोठ्यानं सांगा. ही मुलगी लिहून घेईल."

तो चढायला लागला. शिडी हलली, त्याची टाय दांडीत अडकली, ती त्यानं ओढून सोडवली. चार माणसं खाली उभी, एकानंही हात पुढे केला नाही, वकिलानंही नाही. ताईनं बघितलं, धाकटा पुढे झाला, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि खांदा टेकवला.

"सावकाश साहेब," तो वर बघून म्हणाला. "पाचवी पायरी ढिली आहे."